पाच लिटरचा कुकर आणि दोन माणसं

'ताई, नमस्कार. मी साताऱ्यात राहते, वय 61. यजमान एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. एके काळी आमच्याकडे रोज अकरा पानं मांडली जायची, आता आम्ही दोघंच. वर्षभरात घरात चार नवी यंत्रं आली. मुलीने ओटीजी (भाजायचा विजेचा ओव्हन) दिला, मुलाने एअर फ्रायर आणला, पाडव्याला आम्ही मायक्रोवेव्ह घेतला आणि यजमानांच्या घशासाठी पाण्याची इलेक्ट्रिक किटली. गॅस वाचेल म्हणून मी ही सगळी हौसेने वापरू लागले. गॅस काही वाचला नाही. सिलिंडर पूर्वीसारखाच चाळीस दिवस जातो आणि विजेचं बिल मात्र 160 युनिटांवरून 214 वर गेलं. यजमान म्हणतात, तुझी खेळणी माळ्यावर टाक. मडगावची धाकटी जाऊ म्हणते, इंडक्शन घे, माझं त्यात निम्म्या पैशात भागतं. माझ्या मनात इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आहे. काय घेऊ आणि काय टाकू? – दोघांच्या घरातली एक'

ताई,

पत्रासोबत कुठलं यंत्र दिवसातून किती वेळा आणि किती मिनिटं चालतं याचा वेगळा कागद पाठवलात, ते फार बरं केलंत. लोक तक्रार पाठवतात, आकडे पाठवत नाहीत. कागदावरचं अक्षर तुमचं दिसत नाही. रकाने तर थेट तिकिटांच्या हिशेबासारखे आखलेत. तेव्हा ही बेरीज ज्यांनी रकाने आखले त्यांनाच आधी वाचून दाखवा.

बिलात 54 युनिट वाढले. एअर फ्रायर 1400 वॅटचा, रोज वीस मिनिटं, म्हणजे महिन्याचे चौदा, पण तो मध्ये मध्ये आपोआप बंद होतो म्हणून बारा-तेरा युनिट. ओटीजी आठवड्यातून दोनदा पाऊण पाऊण तास. त्याच्यावर 1600 वॅट लिहिलेलं असलं तरी आतल्या कांड्या सारख्या तापत नसतात, ठरलेली उष्णता आली की बंद होतात, उतरली की पुन्हा लागतात. त्याचे सहा-सात धरा. मायक्रोवेव्ह दिवसाला पंधरा मिनिटं, म्हणजे नऊ. (800 वॅटचा म्हणून विकतात तो मायक्रोवेव्ह प्लगमधून बाराशेच्या आसपास ओढतो. 800 हा आकडा अन्नापर्यंत पोचणाऱ्या उष्णतेचा.) तुमच्या तिन्ही 'खेळण्यां'ची बेरीज झाली साधारण अठ्ठावीस.

राहिलेल्यातले बावीस-तेवीस युनिट किटलीचे आहेत.

कागदावर 'किटली, पाच वेळा, पूर्ण भरून' असं स्वच्छ लिहिलंय. एक लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत न्यायला युनिटचा जवळजवळ अकरावा हिस्सा लागतो. तो कुणालाच चुकत नाही, यंत्र कितीही महाग घेतलं तरी. तुमची किटली दीड लिटरची. थोडी उष्णता इकडेतिकडे जाते ती धरून एका खेपेला 0.15 युनिट. दिवसाला पाच खेपा, महिन्याला दीडशे. आणि त्यातलं पाणी पितात किती? एक पेला. बाकीचं गार होतं आणि पुढच्या खेपेला पुन्हा उकळतं. यजमानांना सांगा, घशाला कोमट पाणी लागतं, उकळतं लागत नाही. सकाळी एकदा किटली करून चांगल्या थर्मासमध्ये ओतून ठेवा. संध्याकाळपर्यंत पिण्याजोगं ऊन राहतं. संध्याकाळी वाटलं तर पेलाभरच ठेवा, फक्त आत खूण असते तिच्याखाली पाणी जाऊ देऊ नका. किटली वाईट नाही हं. पेला-दोन पेले पाण्याला गॅसपेक्षा तीच बरी, कारण तिची उष्णता पातेल्याच्या कडेने वर निघून जात नाही. पण तिला पेल्याने मोजून पाणी द्यायला हवं.

उरलेल्या चार युनिटांच्या मागे लागू नका. दात कोरून पोट भरत नाही.

ओटीजीत तुम्ही शेंगदाणे भाजता हे वाचून मला जरा हसू आलं. तीस लिटरची ती पेटी आधी स्वतः तापते, मग पत्रा तापतो, मग आतली हवा, आणि सगळ्यांच्या शेवटी पाव किलो दाणे. लोखंडी कढईत बारीक आचेवर हलवत भाजले तर याच्या निम्म्यानेही खर्च होत नाही. हात दुखत असेल तर मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या ताटलीत पसरून चार-पाच मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. ओटीजी नातवंडं येतील तेव्हा नानकटाईसाठी ठेवा, आणि लावलाच तर एकामागोमाग दोन-तीन घाणे काढून घ्या, कारण महाग पडतं ते पहिलं तापणं. एअर फ्रायर म्हणजे तरी काय, लहानसा ओटीजी आणि आत पंखा. चार बटाट्यांच्या काचऱ्या, दोन कटलेट, भरताचं लहान वांगं, एवढ्याला तो ओटीजीपेक्षा सरस. मात्र तुम्ही त्यात रोज संध्याकाळी काहीतरी करता ते भूक लागते म्हणून की तो समोर दिसतो म्हणून, हे तुमचं तुम्हाला ठाऊक.

आता गॅसकडे येते, कारण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट तिथे आहे. सिलिंडर 14.2 किलोचा, चाळीस दिवस जातो, म्हणजे दिवसाला साडेतीनशे ग्रॅम. दोन माणसांना हे फार झालं, त्यातून चार यंत्रं हाताशी असताना. मी आणि माझी आई, आम्हा दोघींना सिलिंडर साठ दिवस पुरतो, आणि आम्ही काही उपाशी राहत नाही. मग तुमच्याकडे जातो कुठे? उत्तर तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला, जाता जाता लिहिलंय: 'कुकर अजून तोच पाच लिटरचा आहे, हात अजून अकरा पानांचा आहे, उरलेलं फ्रिजमध्ये जातं.'

पाच लिटरचा कुकर रिकामा उचलून बघा. दोन किलोच्या आसपास भरतो. त्यात तळाला दोन भांडी पाणी, वर स्टीलचे डबे. एवढं सगळं उकळीच्याही वर, 120 अंशांपर्यंत न्यायचं, आणि ते कशासाठी, तर वाटीभर तांदूळ आणि अर्धी वाटी तुरीची डाळ. मी आकडे मांडून बघितले. तुमच्या कुकरला शिट्टी येईपर्यंत जी उष्णता आत जाते तिच्यातली निम्म्याहून जास्त कुकर, डबे आणि तळचं पाणी खाऊन टाकतात. वरण-भाताच्या वाट्याला उरलेली. घरात अकरा माणसं होती तेव्हा हाच कुकर अगदी काटकसरीचा होता. एका आचेवर वरण, भात, वर बटाटे, कधी बीट. 'कुकर लावणं' ही आपल्या बायकांची एवढी रोजची गोष्ट आहे की तिला कुणी शहाणपण म्हणत नाही, पण एकाच वाफेवर तीन पदार्थ काढणारं याहून स्वस्त यंत्र मला बाजारात दिसलेलं नाही. आता माणसं दोन झाली आणि कुकर तेवढाच राहिला, एवढंच बिघडलंय.

म्हणून काही घ्यायचंच असेल तर हे घ्या: तीन लिटरचा उभा कुकर, आत दोन लहान डबे बसतील असा, तळ जाड आणि सपाट. इंडक्शनवरही चालणारा घ्या, पुढे उपयोग होईल. तो लहान बर्नरवर ठेवा. मोठ्या बर्नरची ज्योत अरुंद तळाच्या बाहेरून वर चाटत गेली की ती तुमच्या छताला ऊब देते, डाळीला नाही. तळाला कंपनीने सांगितलंय तेवढंच पाणी. पहिली शिट्टी झाली की आच इतकी बारीक करा की शिट्टी नुसती फुसफुसत राहील, आणि तिथून मिनिटं मोजा. मला माहीत आहे, आपण सगळ्या शिट्ट्या मोजत मोठ्या झालो. 'तीन शिट्ट्या भाताला, पाच डाळीला.' पण आत 120 अंश एकदा झाले की जास्तीच्या शिट्ट्यांनी डाळ लवकर शिजत नाही. शिट्टी म्हणजे बाहेर पडलेली वाफ, आणि वाफ फार महाग असते. एक लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट ते सगळं वाफ करून उडवायला लागते. शेवटचं शिजणं गॅस बंद केल्यावर, शिट्टी न उचलता, आपोआप होऊ द्या. वाफ उतरायला दहा मिनिटं लागतात, ती दहा मिनिटं फुकटची.

हा सातपटीचा हिशेब आपल्या आज्यांना कुणी शिकवला नव्हता, तरी भाजीवर ताटली ठेवून ताटलीत पाणी घालायच्या. वाफ ताटलीला लागून परत खाली पडते, भाजी करपत नाही, आणि वरचं पाणी तापलं की तेच रश्श्याला वापरायचं. चुलीला वैल असायचा तो तरी कशासाठी? मुख्य तोंडावर भाकरी चाललेली, आणि बाजूला निघून जाणाऱ्या झळेवर वैलावर आमटी रटरटतेय. आमच्या घरी पुढे भुशाची शेगडी आली, मग वातीचा स्टोव्ह, मग गॅस. गॅसची निळी ज्योत बटण फिरवलं की हजर झाली आणि वैल गेला तो गेलाच.

असलं डोकं पुढेही काहींनी चालवलं. 1910 च्या सुमारास बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. खाली थोडा कोळसा, वर एकावर एक डबे, सगळ्याभोवती बंद नळकांडं, कोळसा पेटवून आपण कामाला निघून जायचं. आपल्याकडे पुण्याच्या 'आरती' संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, त्याच जातीचा 'सराई कुकर' लोकांपर्यंत नेला. शंभर ग्रॅमच्या आसपास कांडीकोळसा, आणि चार-पाच माणसांचं वरण, भात, भाजी. त्यांनी तो कोळसा उसाच्या पाचटापासून करायचं तंत्र बसवलं, आणि त्याला 2002 साली इंग्लंडमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. साताऱ्याच्या आसपास फडात जळणारं पाचट तुम्ही बघतच असाल, म्हणून मुद्दाम सांगितलं. तुमच्या फ्लॅटमध्ये मात्र तो नको. कोळसा बंद खोलीत पेटवायचाच नसतो, त्याचा विषारी वायू वासाने कळत नाही. गावाकडे अंगण असेल तर गोष्ट वेगळी.

आता जाऊबाई. त्या खोटं बोलत नाहीत आणि तुमचे यजमानही चूक नाहीत, दोघं वेगवेगळ्या राज्यांत राहतात एवढंच. हिशेब असा: एका सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिटांएवढी उष्णता असते. चांगल्या शेगडीवर तिच्यातली साठ-पासष्ट टक्के भांड्याला मिळते, बाकी हवेत. इंडक्शनवर पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास मिळते. म्हणजे एक सिलिंडर जेवढं शिजवतो तेवढं शिजवायला इंडक्शनला 130 ते 135 युनिट लागतील. तुमच्या सिलिंडरच्या किमतीला 130 ने भागा. सिलिंडर 900 रुपयांना पडत असेल तर उत्तर सातच्या किंचित खाली. वीज याहून स्वस्त मिळत असेल तर इंडक्शन फायद्याचं, महाग मिळत असेल तर गॅस.

आता महावितरणचं बिल उलटून बघा. पहिल्या शंभर युनिटांचा दर एक, 101 ते 300 चा दुसरा, आणि हा दुसरा पहिल्याच्या दुपटीच्या आसपास. इंडक्शनचे युनिट तुमच्या आजच्या वापराच्या वर चढणार, म्हणून सरासरी दर धरायचा नाही, या दुसऱ्या टप्प्याचाच धरायचा. त्यात वहन आकार मिळवा, इंधन समायोजन असेल तर ते, आणि वर 16 टक्के वीज शुल्क. सात रुपये कधीच मागे पडतात. गोव्यात घरगुती वीज आपल्यापेक्षा बरीच स्वस्त आहे, म्हणून तेच इंडक्शन मडगावला पैसे वाचवतं आणि साताऱ्यात खातं. तुमच्या इमारतीने उद्या छतावर सौर पॅनेल बसवले आणि तुमच्या वाट्याला दुपारची वीज आली, तर हाच हिशेब उलटा फिरेल. तोवर इंडक्शन हवंच तर एका बर्नरचं साधं घ्या, सिलिंडर संपला की अडीनडीला. आणि एप्रिल-मेमध्ये ज्योतीची झळ नको वाटते तेव्हा चार रुपये जास्त गेले तरी मी ते वाया गेले म्हणणार नाही. घेण्यापूर्वी घरातल्या भांड्यांच्या तळाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर ते भांडं चालेल. ॲल्युमिनियमची पातेली, पितळी पातेली, तांब्याचा तपेला, सगळं बाद. भाकरी त्यावर टम्म फुगणार नाही हे जाऊबाईंनी सांगितलं नसेल.

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरबद्दल मी तुमच्याशी स्पष्ट बोलते. तो आतून उष्णता धरून ठेवतो, वीज बेताने खातो, पण बचतीसाठी म्हणून दोन माणसांनी घ्यायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. किंमत वसूल व्हायला वर्षं जातील. मात्र पत्रात एक वाक्य आहे, 'परवा दूध ठेवून विसरले, पातेलं जळालं.' एकदाच झालं असेल तर सोडून द्या, कुणाचंही होतं. वारंवार व्हायला लागलं असेल तर तो कुकर, किंवा एक लिटरचा साधा राइस कुकर, जरूर घ्या, आणि बचतीचा हिशेब करू नका. शिजलं की आपण होऊन बंद होणारं यंत्र ही त्या वयात घरातली तिसरी व्यक्ती असते. फक्त ते सोळा अँपिअरच्या प्लगवर लावा, आणि त्याच बोर्डवर किटली लावू नका. जुन्या इमारतींतल्या वायरींची मला भीती वाटते.

वर गच्ची आहे म्हणता, तर पेटीचा सौर कुकर मात्र खरंच विचारात घ्या. ऑक्टोबर ते मे साताऱ्याला उन्हाची वाण नाही. सकाळी दहाला डबे ठेवायचे, पेटीचा आरसा सूर्याकडे धरायचा, मध्ये एकदा जिना चढून तोंड फिरवायचं, साडेबारा-एकला वरण-भात तयार. फोडणी तेवढी खाली येऊन द्यायची. तुमचे ते शेंगदाणेही त्यात सुरेख भाजले जातात, एकही करपत नाही. माझ्या पेटीच्या काचेवर रोज एक कावळा येऊन स्वतःचं प्रतिबिंब टोचत बसायचा, त्याला उपाय सापडला नाही. जून लागला की चार महिने पेटी गुंडाळून ठेवायची. आणि जिना चढणं गुडघ्यांना झेपत असेल तरच हं.

राहता राहिली ती अकरा पानांच्या हाताची गोष्ट. तांदळाचं माप बदला, म्हणजे खरोखरच डब्यातली वाटी बदला. मोठी वाटी आत असेपर्यंत हात तेवढंच काढणार. सवयीने जास्त शिजतं, ते फ्रिजमध्ये जातं, मायक्रोवेव्हमध्ये येतं, परत फ्रिजमध्ये जातं, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही ते डोळे चुकवून टाकता. त्या भाताला तुम्ही तीनदा इंधन लावलेलं असतं. कडधान्यं मात्र दोन दिवसांची एकदमच शिजवा, रात्रभर भिजवून. मटकी, चवळी भिजल्यावर कुकरमध्ये फार थोडा वेळ मागतात. अर्ध्याची उसळ, अर्ध्याची दुसऱ्या दिवशी आमटी.

यजमानांना एक काम द्या. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतो ते मीटरवरच छापलेलं असतं. घरातलं बाकी सगळं बंद करून एकेक यंत्र दहा मिनिटं चालवायचं आणि लुकलुक मोजायची. आयुष्यभर ज्यांनी चालत्या गाडीत तिकिटांचा हिशेब जुळवला त्यांना हे जड नाही. सुरुवात किटलीपासून करायला सांगा.

आणि पाच लिटरचा कुकर विकू नका. माळ्यावर ठेवताना झाकणातली रबराची रिंग काढून, धुऊन, कोरडी करून वेगळी ठेवा. नाहीतर दिवाळीला सगळे येतात तेव्हा ती ताठरलेली निघते, आणि ऐन सणात दुसरी मिळत नाही.